उशिरा व कमी दाबाने

पुण्यातला बुधवारचा पेपर मी उलटा वाचते. पहिल्या पानावरचं दिल्ली-मुंबई नंतर. आधी आतल्या पानावरचा तो छोटा चौकोन शोधायचा: 'गुरुवारी पाणी बंद'. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत भागांची यादी. पर्वती जलकेंद्र, वडगाव जलकेंद्र, लष्कर, एसएनडीटी, चतुःशृंगी. मग त्या त्या टाकीखालच्या पेठा, नगरं, वसाहती आणि 'इत्यादी परिसर'. आमचा मुक्काम बहुतेक वेळा त्या 'इत्यादी'त असतो. आणि सगळ्यात शेवटी, मंगलाष्टकातल्या 'सावधान'सारखं न चुकता येणारं वाक्य: 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. नागरिकांनी याची नोंद घेऊन सहकार्य करावे.'

हे वाक्य पहिल्यांदा ज्यानं लिहिलं त्या कारकुनाविषयी मला मनापासून आदर आहे. सरकारी मराठीत इतकं खरं बोलणारं वाक्य दुसरं सापडायचं नाही. 'लवकरच' नाही, 'युद्धपातळीवर' नाही, 'टप्प्याटप्प्याने' नाही. उशिरा येईल आणि कमी येईल, असं आदल्या दिवशीच सांगून मोकळा. आणि तसंच येतं. दिलेला शब्द पाळणारी या शहरात एवढी एकच गोष्ट उरली असावी. 'सहकार्य' म्हणजे काय करायचं ते मात्र इतक्या वर्षांत कळलेलं नाही. बादल्या भरून ठेवायच्या, एवढा अर्थ आम्ही आपला काढलाय.

माझं माहेर नारायण पेठेतलं. गेली पंधरा वर्षं आम्ही सिंहगड रस्त्याच्या पार टोकाला राहतो. आलो तेव्हा ते गाव होतं. २०१७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत अकरा गावं आली, त्यात आमचंही आलं. २०२१ मध्ये आणखी तेवीस आली. गावाचं शहर झालं म्हणून पेढे वाटले गेले, मिळकतकराचं बिल आलं, चौकात 'स्वागत आहे'ची कमान आली. गाव असं एका कागदावर शहरात आलं. पाणी मात्र अजून गावातच राहिलंय. खडकवासला धरण आमच्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर. रविवारी तिथल्या चौपाटीवर कणीस खायला निम्मं पुणं आमच्या दारावरून जातं. धरणातून शहराकडे जाणाऱ्या मोठाल्या जलवाहिन्याही आमच्याच बाजूनं जातात. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण वापरायचीसुद्धा आता लाज वाटते, इतकी ती इथे साधी पत्ता सांगितल्यासारखी वाटते.

मागच्या एका शुक्रवारची गोष्ट. साडेदहा वाजले तरी नळाला थेंब नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहापासून 'आलं का?' चालू होतं. सी विंगमधल्या काकांनी नेहमीप्रमाणे 'हे सगळं टँकर लॉबीचं काम आहे' असा निकाल देऊन टाकला होता. मी आदल्या वेळी रीतसर ऑनलाइन तक्रार केली होती, तर तिसऱ्या दिवशी मोबाइलवर 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे' असा संदेश आला होता. नळ कोरडा तो कोरडाच. त्यामुळे या वेळी तक्रार न करता पायात चप्पल सरकवली आणि चावीवाल्याला गाठायला निघाले.

चावीवाला म्हणजे पाणी सोडणारा माणूस. पेठेत होते तेव्हा तो मला कधी दिसला नव्हता. तिथे पाणी यायचंच. इथे मात्र आमदारापेक्षा तो ओळखीचा असावा लागतो. कमरेपेक्षा उंच अशी इंग्रजी टी आकाराची लोखंडी चावी मोटरसायकलला आडवी बांधून तो फिरतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर, रस्त्याच्या मधोमध त्यानं चेंबरचं झाकण सरकवलं होतं. आत हात-दोन हात खोल खड्डा, तळाला गढूळ पाणी, एक चिप्सचं पाकीट आणि गंजलेला व्हॉल्व्ह. त्याच्या चौकोनी टोकावर चावी बसवून तो आडव्या दांड्याला धरून गोल फिरत होता आणि ओठांतल्या ओठांत मोजत होता. मागे एक रिक्षा हॉर्न वाजवत होती. त्याचं लक्ष नव्हतं. मीही मोजणी संपेपर्यंत गप्प राहिले. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्याला मध्येच हाक मारत नाहीत.

"नऊ," म्हणाला आणि थांबला. घाम पुसला.

"दादा, अहो साडेदहा वाजले. आमच्याकडे अजून काहीच नाही."

"येतंय मॅडम. लाइन रिकामी झालीय ना काल. आधी हवा काढावी लागती."

"पण मग सगळा उघडा की एकदम."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी माझ्या मुलाकडे तो 'पोळी मायक्रोवेव्हमध्येच कर' म्हणाला तेव्हा पाहिलं होतं. "एकदम उघडला तर लाइन फुटंल. मग तुमाला पण नाही आन त्यांना पण नाही. नऊ आटे आत्ता, बाकीचे तासानं. टाकीला लेव्हल नाही अजून. लेव्हल आली की आधी खालच्या अंगाला जातंय, मग चढावर. तुमी चढावर."

मी त्या 'तुम्ही चढावर'नं निरुत्तर झाले. फ्लॅट घेताना बिल्डरनं उंचावरचा म्हणून, टेकडी दिसते म्हणून चौरस फुटाला जास्त पैसे घेतले होते.

त्याच्याशी उभ्या उभ्या पंधरा मिनिटं बोलले आणि त्या सरकारी वाक्याचा अन्वयार्थ लागला. गुरुवारी दुरुस्तीसाठी पंप बंद होतात, टाक्या उतरतात, मैलोन् मैल नळ रिकामे होतात आणि त्यात हवा भरते. शुक्रवारी पहाटे पंप सुरू झाले की पाणी आधी ही हवा ढकलत येतं. नळ उघडल्यावर फुसफुस होते, मध्येच खोकला येतो, तो हाच. वाटेत जो उताराला आहे तो आधी भरतो. जो चढावर आणि शेवटाला आहे त्याच्यापर्यंत पाणी पोचतं तेव्हा त्यातला जीव गेलेला असतो. म्हणजे 'उशिरा' हे आमच्यासाठी आणि 'कमी दाबाने' हेही आमच्यासाठीच. खालच्या अंगाच्यांना ते वाक्य नुसतं वाचायला दिलेलं असतं.

याच्यात एक गोष्ट तो सहज बोलून गेला, ती मला रात्री आठवत राहिली. "लाइन भरलेली असली ना, की घाण आत येत नाही. रिकामी झाली की ओढती." नळाला बारीक गळती असते. आत दाब असेल तोवर पाणी बाहेर झिरपतं; दाब गेला की त्याच फटीतून बाहेरचं आत ओढलं जातं. आणि नळाच्या शेजारून काय काय वाहतं ते आपल्याला ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण निघाले. आधी पोट बिघडायचं आणि मग धडधाकट माणसाचे पाय उचलेनासे व्हायचे. शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या मज्जातंतूंवर उलटते असा तो आजार. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला आणि सगळ्यांची बोटं पाण्याकडे वळली. ते दोन महिने आम्ही पाणी उकळून, गाळून, परत उकळून प्यायलो. शेजारची मुलगी सकाळी उठल्या उठल्या आधी पायांची बोटं हलवून बघायची. आम्ही तिला हसायचो, आणि मग आपापल्या घरी जाऊन आम्हीही बघायचो.

इथवर आले आहे तर एक कबुलीही देऊन टाकते. कमी दाबावर आमच्या सोसायटीनं काही वर्षांपूर्वी एक उपाय केला होता: नळजोडाला थेट मोटार. हे बेकायदा असतं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सभेत त्याचा ठराव झाला नाही. ठराव केला की तो लिहावा लागतो. खर्च 'किरकोळ दुरुस्ती'त दाखवला. मोटार सुरू झाली आणि पहिल्याच शुक्रवारी आमच्याकडे पाणी वेळेवर, पूर्ण दाबाने आलं. किती आनंद झाला म्हणून सांगू! मी कांजीवरम भिजवावी की काय असा विचार करण्याइतकी उदार झाले होते. दुपारी धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आमच्या चाळीत आज आलंच नाही बघा पाणी." चाळ आमच्याच लाइनवर, आमच्या पुढे. मी म्हटलं, "अगंबाई, हो का?" आणि त्यांना एक हंडा भरून नेऊ दिला. आपलंच पाणी त्या आपल्याच डोक्यावरून घेऊन गेल्या, आणि वर मला 'बरं झालं बाई' म्हणाल्या.

पुढे मोटार जप्त होण्याची मोहीम निघाली तेव्हा सेक्रेटरींनी ती रातोरात काढून गच्चीवर ठेवली. अजून तिथेच आहे, प्लास्टिकच्या कागदाखाली. कुणी भंगारात काढा म्हणत नाही.

जून-जुलैत मग चित्र पालटतं. पेपरातला चौकोन तोच, आकडे वेगळे. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला: चार धरणं मिळून २९ टीएमसीच्या वर साठा. टीएमसी म्हणजे किती, हे विचारलं तर शंभरातल्या पंचाण्णव पुणेकरांना सांगता येणार नाही, पण आज किती टीएमसी झालं हे भाजीवालीलाही पाठ असतं. (एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३२ कोटी लिटर. मीही यंदाच गणित केलं.) मग एक दिवस खडकवासला भरतं, भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि तो कसा पाण्याखाली गेलाय हे बघायला आख्खं शहर छत्र्या घेऊन नदीकाठी जमतं. दरवर्षी जातो, दरवर्षी बातमी.

आपल्या भाषेत 'पाणी सोडणे'चे दोन अर्थ आहेत, आणि पुण्यात वर्षाचे दोन भाग त्यावरूनच पडतात. मे महिन्यात आपण पाण्यावर पाणी सोडतो आणि जुलैत ते आपल्यावर सोडतात. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकनं सोडलं. क्युसेकचंही गणित केलं: ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. आमच्याकडे येतो तो टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे सेकंदाला शंभर टँकर. एका टँकरसाठी मे महिन्यात मी टँकरवाल्याला 'भाऊ, तुम्ही माझ्या भावासारखे' असं म्हटलेलं आहे.

त्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या, नदीकाठच्या एकतानगरीत पहिल्या मजल्याला पाणी टेकलं, माणसं होड्यांतून काढली. आमच्याकडे चढावर पूर आला नाही, पण वीज गेली, विजेअभावी वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बंद पडला, आणि नदी दुथडी वाहत असताना आमचा नळ कोरडा ठक्क. ग्रुपवर कुणीतरी पुराचे व्हिडिओ टाकत होतं आणि त्याखाली कुणीतरी 'बी विंगला पिण्याचं पाणी मिळेल का' असं विचारत होतं. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन जण गेले. ती बातमी वाचल्यावर ग्रुपवर बराच वेळ कुणी काही टाकलं नाही.

२५ जुलै २०२४ हा गुरुवार होता. सहज म्हणून कॅलेंडर चाळलं आणि मग मला नादच लागला. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि दांडेकर पुलाकडची घरं वाहून गेली, तो गुरुवार. शहर पितं त्याच धरणाचं पाणी भर दिवसा रस्त्यानं वाहत होतं. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी त्याचं खापर उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर फोडलं. खेकड्यांची बाजू कुणी मांडली नाही. महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली मार्च २०२२ मध्ये, आणि निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला, तोही गुरुवार. मधली पावणेचार वर्षं प्रशासक. निवडणूक उशिरा झाली खरी, पण दाब कमी नव्हता. सोसायटीच्या गेटवर एका संध्याकाळी तीन पक्षांचे उमेदवार एकाच वेळी हात जोडून उभे होते आणि तिघांच्याही पत्रकात पहिला मुद्दा 'चोवीस तास पाणी'. एका काकांनी मीटर बसणार का असं विचारलं. तिघांनीही तो प्रश्न ऐकला नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही उत्तर नकोच होतं. चोवीस तास पाणी हवंय, मोजायला कुणी नकोय.

सिटी पोस्टाच्या आवारात जमिनीनं महापालिकेचा आख्खा ट्रक गिळला, तो तेवढा शुक्रवार निघाला, २० सप्टेंबर २०२४. सांडपाण्याच्या वाहिन्या साफ करणारा ट्रक, बघता बघता खड्ड्यात उभाच्या उभा गेला; चालक वेळेवर बाहेर पडला म्हणून वाचला. आमच्या ग्रुपवर तेव्हा एकच प्रतिक्रिया सर्वमान्य झाली: टँकर पाणी शोधायला गेला.

माझं हे गुरुवारचं संशोधन मी आईला फोनवर ऐकवलं. आई पंच्याहत्तरीची आहे, अजून नारायण पेठेत राहते, आणि गुरुवारी दत्ताचा उपास करते, त्यामुळे ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पानशेत बुधवारी झालं."

बघितलं. १२ जुलै १९६१, बुधवार. आई दहा वर्षांची होती, शनिवार पेठेत नदीच्या अंगाला त्यांचा वाडा. पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्यानं खडकवासलाही गेलं. शाळेतून परत येताना लोक ओरडत पळत होते, 'पाणी आलं, पाणी आलं!' आईला वाटलं, नळाला आलं. ती घराकडे पळाली, कारण पाणी आलं की हंडे लावायचं काम तिचं. आजोबांनी वाटेतच तिचं बखोट धरलं आणि उलट्या बाजूला ओढत नेलं, थेट पर्वतीवर. हा किस्सा मी लहानपणी शंभर वेळा ऐकलाय आणि प्रत्येक वेळी हसलेय. या वेळी मला हसू आलं नाही.

"आणि दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं. हे मी आजवर विचारलंच नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी काय? प्यायला थेंब नाही. धरणंच गेली ना. सगळीकडे चिखल आणि नळाला वारा. मग लोकांनी पेठांतले आड, विहिरी, पेशव्यांच्या वेळचे हौद उपसले. कात्रजचं पाणी यायचं त्यात." मग जरा थांबून म्हणाली, "गुरुवारी पाणी बंद. तुझंच ते."

आईच्या स्वयंपाकघरात अजून एक तांब्याचं मोठं तपेलं रोज रात्री भरून ठेवलेलं असतं. तिथे पाणी रोज येतं, दोन वेळा येतं, गुरुवारची सुट्टीसुद्धा तिला जाणवत नाही एवढी वरती टाकी आहे. भाऊ चिडतो, वहिनीला ते तपेलं हलवून ओटा पुसावा लागतो. आई ऐकत नाही. रोज सकाळी ते पाणी तुळशीला आणि जिन्याला घालते, आणि रात्री पुन्हा भरते.

गेल्या शुक्रवारी सव्वाअकराला आमच्या नळानं आधी एक उसासा टाकला, मग दोनदा खोकला, आणि चहाच्या रंगाचं पाणी करंगळीएवढ्या धारेनं यायला लागलं. चावीवाल्यानं बाकीचे आटे उघडले असावेत. ग्रुपवर 'आलं' असं टाकायला मोबाइल उचलला, तर आईचाच फोन.

"आलं का गं?"

"येतंय."

"पहिली बादली झाडांना घाल. दुसरी फरशीला. प्यायचं तिसरीपासून भर."

"चाळीत आलं का ते विचारते आधी मावशींना," मी म्हटलं.

"विचार," आई म्हणाली, "पण आधी बादली सरकव, भरून वाहतीये. मला ऐकू येतंय."